वाफेवरचा साखर कारखाना जतन करताना

जुन्या साखर कारखान्याच्या जतनाचा विषय निघाला की आपल्याकडे बहुतेक वेळा एकच गोष्ट घडते. प्रवेशद्वाराजवळच्या बागेत सिमेंटचा चौथरा बांधला जातो, त्यावर चंदेरी रंग दिलेले एक मोठे फ्लायव्हील, म्हणजे वाफेच्या इंजिनाचे जड चाक, उभे राहते आणि खाली उद्घाटकांच्या नावांची संगमरवरी पाटी बसते. हेतू चांगलाच असतो. मात्र या चाकाला फिरवणारी वाफ कोठून येत होती, चाक काय फिरवत होते आणि वापरलेली वाफ पुढे कोठे जात होती, हे सांगणारे सगळे भाग तोपर्यंत भंगाराच्या ट्रकमधून निघून गेलेले असतात. हा लेख संचालक मंडळ, माजी कामगार, स्थानिक इतिहासप्रेमी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांचे शिक्षक यांच्यासाठी आहे. एकटे चाक न वाचवता वाफेची अखंड वाट कशी वाचवावी, ते येथे कामाच्या क्रमाने मांडले आहे.

ती वाट आधी नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस, म्हणजे रस काढल्यानंतरचा चोथा, उरते. त्यात जवळजवळ निम्मे पाणी असले तरी बॉयलरच्या भट्टीत ती चांगली जळते, म्हणजे ऊस स्वतःचे इंधन घेऊनच कारखान्यात येतो. जुन्या कारखान्यांत १०-११ किलो दाबाची वाफ इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टन ढकलत असे. फ्लायव्हील मिनिटाला साठ-सत्तर फेरे घेई आणि मोठमोठ्या दातेरी चाकांच्या टप्प्यांतून तो वेग उतरत उतरत मिलच्या रोलरपाशी मिनिटाला तीन ते पाच फेऱ्यांवर येई. इंजिनातून बाहेर पडलेली कमी दाबाची एक्झॉस्ट वाफ आकाशात न सोडता रस तापवण्यासाठी आणि इव्हॅपोरेटरमध्ये रस आटवण्यासाठी वापरली जाई. एका भांड्यातल्या रसाच्या वाफेवर पुढच्या भांड्यातला रस उकळवण्याची युक्ती नॉर्बर्ट रिल्यू या न्यू ऑर्लिन्सच्या अभियंत्याची आहे. तिचे पेटंट त्याला १८४३ मध्ये मिळाले. त्याआधी, १८१३ मध्ये, एडवर्ड हॉवर्डने व्हॅक्यूम पॅन आणला होता, ज्यात निर्वातामुळे पाक कमी तापमानाला शिजतो आणि साखर करपत नाही. रस आटवायला वाफ लागणारच होती, मग ती आधी इंजिनातून फिरवून आणण्यात तोटा काहीच नव्हता. कापड गिरण्या विजेच्या मोटारींवर गेल्या, तरी साखर कारखान्यांत वाफेची इंजिने पुढेही टिकून राहिली, त्याचे मोठे कारण हे आहे.

महाराष्ट्रात हा वारसा मुख्यत्वे १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्यानंतरच्या लाटेतला आहे. देशात तोवर तीसच्या आसपास असलेले आधुनिक कारखाने पुढच्या काही वर्षांत शंभरावर गेले. वालचंदनगर, माळीनगर, फलटणजवळचे साखरवाडी, मालेगावजवळचे रावळगाव ही नावे याच काळातली आहेत. श्रीरामपूरजवळ हरेगावला उभी राहिलेली बेलापूर कंपनी त्याही आधीची, आणि लोणीचा पहिला सहकारी कारखाना १९५० चा. यांपैकी कोठे काय शिल्लक आहे, हे प्रत्येक ठिकाणी जाऊनच पाहावे लागते. विस्तारीकरणात जुनी मिल निघून जाते, पण मागच्या शेडमध्ये तिचा पंप, एखादे लहान इंजिन किंवा हवेचा काँप्रेसर तसाच पडून असल्याचे अनेकदा आढळते.

पहिली पायरी: ताबा कोणाचा, हे ठरवणे आणि लिलाव थांबवणे

यंत्राला हात लावण्यापूर्वी कागदांना हात घालावा. बंद कारखान्याची जमीन एकाची, इमारत दुसऱ्याची, यंत्रसामग्री बँकेकडे तारण आणि चालवण्याचा करार तिसऱ्याशी, असा गुंता आपल्याकडे नेहमीचा आहे. कारखाना अवसायनात निघाला असेल तर अवसायकाची, तारण असेल तर बँकेची आणि सहकारी असेल तर सर्वसाधारण सभेची लेखी संमती लागते. पुण्यातील साखर आयुक्तालयालाही सुरुवातीपासून पत्रव्यवहारात ठेवणे शहाणपणाचे ठरते. शासकीय संरक्षण मिळेल या आशेवर मात्र थांबू नये. केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात शंभर वर्षांची अट आहे आणि १९३२ नंतरच्या लाटेतले कारखाने अजून शंभरीत पोहोचलेले नाहीत. ते तेथे पोहोचेपर्यंत भंगारवाला थांबत नाही. त्यामुळे आज हाती असलेले खरे शस्त्र म्हणजे मालकाचा ठराव.

या ठरावाच्या भाषेबद्दल एक अनुभव सांगतो. ज्या कारखान्यात मी हे काम पहिल्यांदा जवळून पाहिले, तेथे सभेने मोठ्या उत्साहाने ‘मिलचे जुने वाफेचे इंजिन जतन करावे’ असा ठराव केला. लिलाव झाला आणि ठेकेदाराने दिलेला शब्द अक्षरशः पाळला. इंजिन जागेवर राहिले. मात्र गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग), पितळी ऑइल कप, स्टॉप व्हॉल्व्ह, वाफेचा येणारा पाइप आणि एक्झॉस्टचा जाणारा पाइप हे सर्व ‘इंजिनाचे भाग नाहीत’ म्हणून गॅस कटरने कापून गेले. कागदावर त्याची काहीच चूक नव्हती. म्हणून ठरावासोबत परिशिष्ट हवेच, आणि त्यात प्रत्येक वस्तू वेगळी लिहावी: इंजिन त्याच्या पायासह, गिअरिंग, तीन रोलरची किमान एक पूर्ण मिल तिच्या हेडस्टॉकसह (रोलर धरणारी चौकट), वाफेचा आणि एक्झॉस्टचा पाइप अमुक फ्लँजपासून अमुक फ्लँजपर्यंत, सुटे भाग, हत्यारे, पाने, नकाशे, लॉगबुके. छायाचित्रांवर रेघा मारून सीमा दाखवल्या आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या, तर पुढचे वाद पुष्कळ कमी होतात.

दुसरी पायरी: पहिल्या आठवड्यात काय उचलून कुलपात ठेवायचे

चोरी नेहमी लहान आणि पिवळ्या वस्तूंपासून सुरू होते. नावाच्या पाट्या, दाबमापके, गनमेटलचे कॉक, लुब्रिकेटर, ऑइल कप, भोंगा, बॉयलरच्या गेज ग्लासची फिटिंग, पितळी नळ्या या सर्वांची छायाचित्रे जागेवर घ्यावीत. नंतर ते काढून, क्रमांक लावून कुलूपबंद खोलीत ठेवावेत आणि उघड्या पडलेल्या छिद्रांना लाकडी खुंट्या ठोकाव्यात. याच आठवड्यात कार्यालयातील कपाटांवरही लक्ष ठेवावे. प्रशासन बदलले की सर्वांत आधी रद्दीत जातात ती ड्रॉइंगे आणि बॉयलरची नोंदवही.

सुरक्षिततेच्या बाबतीत तीन गोष्टींत तडजोड करू नये. जुन्या वाफेच्या पाइपांवरचे पांढुरके लॅगिंग (उष्णता रोखणारे आवरण) ॲस्बेस्टॉसचे असू शकते, म्हणून ते फोडू नये, कोरडे झाडू नये आणि तपासणी झाल्याशिवाय काढू नये. काढायचे ठरल्यास ते प्रशिक्षित माणसांनीच, ओले करून काढावे. जुन्या, बुरशी आलेल्या बगॅसच्या ढिगाची धूळ फुप्फुसांना अपाय करते आणि त्यातून होणाऱ्या आजाराला बगॅसोसिस असे नावच आहे, म्हणून तेथे साधा रुमाल न बांधता योग्य मास्क वापरावा. तिसरी आणि सर्वांत जीवघेणी जागा म्हणजे मळीची टाकी. तळाशी उरलेली मळी आंबत राहते, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि वरून निरुपद्रवी दिसणाऱ्या टाकीत उतरलेला माणूस परत येत नाही. त्याला काढायला उतरलेला दुसराही येत नाही. टाकीची हवा तपासल्याशिवाय, ती खेळती केल्याशिवाय आणि वर दोरीसह पहारेकरी असल्याशिवाय कोणालाही आत सोडू नये.

तिसरी पायरी: नोंद

नोंद करताना गव्हाणीपासून, म्हणजे ऊस आत टाकला जातो तेथून, सुरुवात करावी आणि साखरेच्या गोदामापर्यंत उसाच्या वाटेने चालत जावे. नंतर तोच परिसर वाफेच्या वाटेने, म्हणजे बॉयलरपासून इंजिन, एक्झॉस्ट, इव्हॅपोरेटर, कंडेन्सर असा पुन्हा पाहावा. दोन्ही वाटा जेथे एकमेकींना छेदतात, तेथेच कारखान्याचे खरे मर्म असते. प्रत्येक वस्तूला विभागाच्या अक्षरासह क्रमांक द्यावा. तो ॲल्युमिनियमच्या बिल्ल्यावर ठोकून तारेने बांधावा, कारण चिकटपट्टी पहिल्या पावसाळ्यात गळते आणि रंगाने लिहिलेला आकडा पुढे यंत्राचाच भाग समजला जातो. चांगल्या मोबाइलने सर्व बाजूंनी एकमेकांवर येणारी छायाचित्रे घेतली, तर त्यांपासून संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती करता येते. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला हा प्रकल्प म्हणून आनंदाने देता येतो. तरीही मुख्य मापे टेपने घेऊन वहीत लिहावीतच.

नावाची पाटी हा यंत्राचा जन्मदाखला असतो. ग्लासगोच्या मिरलीज वॉटसन, ए. अँड डब्ल्यू. स्मिथ किंवा डंकन स्ट्युअर्ट, डर्बीच्या जॉर्ज फ्लेचर, नेदरलँड्समधील हेंगेलोच्या स्टोर्क, फ्रान्सच्या फीव्ह-लील अशा कंपन्यांनी जगभर साखर यंत्रे पुरवली. त्यांच्या पाट्यांवर सहसा गाव, वर्ष आणि ऑर्डरचा किंवा यंत्राचा क्रमांक असतो. पाटी चोरीला गेली असली तरी निराश होऊ नये. हाच क्रमांक अनेकदा कनेक्टिंग रॉडच्या टोकावर, व्हॉल्व्ह गिअरच्या कड्यांवर किंवा सिलिंडर कव्हरच्या कडेला ठोकलेला असतो, फक्त तो तेलाच्या आणि रंगाच्या थराखाली दबलेला असतो. एका इंजिनाच्या बेडप्लेटवर मी बोटाने चाचपून उंचवटा ओळखला आणि केरोसीनच्या बोळ्याने तासभर पुसल्यावर ओतीव अक्षरांतले गाव आणि साल हळूहळू वर आले. तेथे तीस वर्षे काम केलेल्या फिटरनेही ते कधी वाचले नव्हते. क्रमांक हाती आला की पत्रव्यवहार करता येतो. मिरलीज वॉटसनची जुनी कागदपत्रे ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत.

रंगाच्या बाबतीत घाई करू नये. एखाद्या आडोशाच्या जागी पाच सेंटिमीटर चौरसात बारीक पॉलिश पेपरने उतरता घासत गेल्यास रंगाचे थर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे दिसू लागतात, आणि सर्वांत आतला हिरवा, तपकिरी किंवा काळा रंग कारखानदाराने दिलेला असण्याची शक्यता मोठी असते. वाळूच्या माऱ्याने सफाई करण्याचा प्रस्ताव कोणी आणलाच, तर तो नम्रपणे पण ठामपणे नाकारावा. त्यात हे सर्व थर, ओतकामाच्या खुणा आणि तासलेल्या पृष्ठभागाची नजाकत अर्ध्या दिवसात नाहीशी होते.

माणसांची नोंद यंत्रांच्या नोंदीपेक्षाही आधी संपते, कारण वाफेच्या मिलवर उमेदीत काम केलेली माणसे आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना घरी बसवून ‘आपले अनुभव सांगा’ म्हटले तर हाती फारसे लागत नाही. त्यांना यंत्रापाशी न्यावे, हातात ऑइल कॅन किंवा पाना द्यावा आणि मग बारीक प्रश्न विचारावेत. बेअरिंग तापले हे कसे कळायचे? रोलर घसरू लागला की आवाज कसा बदलायचा? ‘नो केन’ झाले, म्हणजे ऊस येणे थांबले, की आधी कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा? चालत्या इंजिनाचे बेअरिंग ऑइलमन उलट्या हाताने का बघतो, हे मला एका म्हाताऱ्या ऑइलमनने तेथेच उभे राहून दाखवले: तळव्याने बघितले आणि चटका बसला तर बोटे आपोआप मिटतात, काहीतरी पकडतात आणि हात आत ओढला जातो, उलटा हात मागे येतो. असे ज्ञान कोणत्याही ड्रॉइंगवर नसते. पॅनमन काचेच्या पट्टीवर पाकाचा ठिपका घेऊन दाणा कसा ओळखायचा, फायरमन ओल्या बगॅसवर दाब कसा टिकवायचा, हेही याच रीतीने नोंदवावे. आणि ही नोंद कारखान्याच्या फाटकाशी थांबू नये. बीड आणि अहिल्यानगर भागातून कोयता घेऊन येणाऱ्या ऊसतोड जोडप्यांशिवाय, मुकादम आणि त्याने दिलेल्या उचलीशिवाय, पहाटेच्या बैलगाड्यांच्या रांगेशिवाय गव्हाणीत मोळी पडत नव्हती.

चौथी पायरी: काय ठेवायचे आणि काय सोडायचे

सगळे ठेवता येत नाही, हे सुरुवातीलाच मान्य करावे. माझे स्पष्ट मत असे आहे की, सुटी दहा आकर्षक यंत्रे जपण्यापेक्षा जोडलेली एक पूर्ण साखळी जपावी: एक बॉयलर, एक इंजिन, एक मिल, एक ज्यूस हीटर, इव्हॅपोरेटरचा एक संच, एक पॅन, एक सेंट्रिफ्युगल (साखरेचे दाणे वेगळे करणारे यंत्र) आणि त्यांना जोडणारे पाइप, सर्व मूळ जागेवर. औद्योगिक वारशाविषयीची २००३ ची निझनी तागील सनद आणि २०११ ची डब्लिन तत्त्वे ही दोन्ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शके जागेवरच जतन करण्यावर भर देतात. हलवणे हा शेवटचा उपाय मानावा आणि हलवावेच लागले तर पायाचे बोल्ट, शिम (पातळी जुळवण्याच्या पातळ पट्ट्या) आणि समपातळीची मापे यांसह हलवावे.

सहा सारख्या पॅनपैकी पाच विकावे लागले तर विकावेत. त्यांच्या आतल्या पितळी नळ्यांना चांगला भाव येतो आणि त्या पैशांतून शेडच्या पत्र्यांचे काम होऊ शकते. आतली रचना लोकांना दाखवण्यासाठी एखादे भांडे कापून उघडे करायचे असेल, तर तेही अशा जादा भांड्यावरच करावे. पुराणवस्तूप्रेमींना हा व्यवहारवाद खटकतो, याची मला कल्पना आहे. पण छत नसलेल्या सहा पॅनपेक्षा छताखालचा एक पॅन बरा.

पाचवी पायरी: छत, पाणी आणि धुराडे

यंत्राच्या आधी छत. १९३० च्या दशकातल्या बहुतेक मिल हाउसची रचना पोलादी सांगाडा, विटांच्या भिंती आणि पन्हाळी पत्रे अशी असते. तिचे पहिले शत्रू म्हणजे तुंबलेली पन्हाळ आणि खांबांच्या बुडाशी साचलेले पाणी. मृगापूर्वी पन्हाळी साफ करणे, निसटलेले पत्रे हूक बोल्टने परत बसवणे आणि इंजिनाच्या खड्ड्यातून पाणी बाहेर काढण्याची सोय करणे, एवढे केले तरी यंत्राचे आयुष्य वाढते. सिमेंटचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतात, त्यामुळे त्यांना भोके पाडू नयेत. कबुतरांसाठी जाळी बसवावी, कारण त्यांची विष्ठा ओलसर हवेत लोखंड आणि रंग दोन्ही खाते.

विटांचे धुराडे असेल तर वरच्या कड्यापाशी पिंपळ किंवा उंबर उगवलेला असणारच. तो ओढून काढल्यास विटा सोबत येतात. खोड कापून, मुळात औषध भरून तो मरू द्यावा आणि मगच चुन्याच्या मसाल्याने सांधे भरावेत. चुन्यात बांधलेल्या कामावर सिमेंटचा गिलावा केल्यास आत ओल कोंडते. विजेच्या संरक्षकाची पट्टी शाबूत आहे का, तेही पाहावे, कारण तांब्याची पट्टी बहुधा आधीच गेलेली असते.

सहावी पायरी: इंजिन सोडवणे आणि स्थिर करणे

साखर कारखान्यातली घाण ही साधी घाण नसते. रस आणि पाक सांडलेला असतो, तो आंबून आम्ल होतो आणि त्याच्यावर बगॅसची भुकटी ओलावा धरून बसते. म्हणून मिलच्या ट्रॅश प्लेटखालचे भाग, रसाचे पन्हाळे आणि रोलरचे खाचे आधी कोमट पाण्याने धुवावेत, लगेच पूर्ण कोरडे करावेत आणि मग तेल लावावे. धुतलेले लोखंड रात्रभर तसेच ठेवले तर सकाळी गंजाची पातळ लालसर साय आलेली दिसते.

इंजिन फिरवण्याची घाई ही सर्वांत महागडी चूक ठरते. वर्षानुवर्षे थांबलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या कड्या गंजाने भिंतीला धरलेल्या असतात. क्रेनने फ्लायव्हीलला झटका दिला तर कडी तुटते, कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा दातेरी चाकाचा दात जातो, आणि तसा ओतीव दात आज सहज मिळत नाही. म्हणून आधी मिलचे कपलिंग सोडून इंजिन रोलरपासून वेगळे करावे. गिअरच्या दातांमध्ये दगड, नट किंवा पक्ष्याचे घरटे नाही, हे हाताने तपासावे. मग सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या इंडिकेटर कॉकमधून डिझेल आणि पातळ तेलाचे मिश्रण ओतून आठ-पंधरा दिवस थांबावे आणि अधूनमधून पुन्हा भरावे. या काळात मुख्य बेअरिंगची झाकणे उघडून व्हाइट मेटल (बेअरिंगचे मऊ धातूचे अस्तर) तडकले आहे का ते पाहावे, तेलाच्या वाटा तारेने मोकळ्या कराव्यात, जुने घट्ट झालेले ग्रीस खरवडून काढावे. त्यानंतर फ्लायव्हीलच्या कडेवरच्या खाचांत बारिंगचा दांडा घालून चाक बोटभर पुढे, बोटभर मागे असे हलवावे. पूर्ण फेरा पहिल्याच दिवशी झाला पाहिजे असे मुळीच नाही.

कॉर्लिस पद्धतीचे इंजिन असेल, तर त्याच्या चारही व्हॉल्व्हच्या दांड्या, पकडी आणि डॅशपॉट सुटे करण्यापूर्वी त्यांच्या जागा पंचने खुणावून ठेवाव्यात. ही रचना नाजूक असते आणि एक पकड उलटी बसली तरी इंजिन लंगडते. चकाकणारे भाग, म्हणजे पिस्टन रॉड, क्रॉसहेडची (दोन्ही रॉड जोडणाऱ्या सरकत्या भागाची) वाट, कनेक्टिंग रॉड, हे कधीही रंगवू नयेत. केरोसीनने पुसून, पितळी लोकरीने हळू घासून त्यांवर गंजरोधक तेल किंवा मेणाचा पातळ हात द्यावा. सिलिंडरच्या आत जाड सिलिंडर ऑइल लावून पिस्टन दोन-तीन वेळा पुढेमागे न्यावा, म्हणजे थर सगळीकडे बसतो.

सातवी पायरी: बॉयलर पेटवायचा की नाही

येथे भावना बाजूला ठेवाव्या लागतात. भोंगा पुन्हा वाजावा असे सर्वांनाच वाटते, पण बॉयलर हे कायद्याने नियंत्रित दाबपात्र आहे. १९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. नोंदणी, तपासणी आणि प्रमाणपत्राशिवाय बॉयलर वापरता येत नाही. राज्यात हे काम बाष्पके संचालनालय पाहते, आणि बॉयलर चालवायला प्रमाणपत्रधारक अटेंडंट लागतो. जुन्या बॉयलरच्या पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक पद्धतीने मोजली की बहुतेक वेळा प्रश्न तेथेच निकालात निघतो. राख आणि ओल यांच्या संयोगाने पत्रा आतून, विशेषतः राखेच्या थराखाली, खाल्लेला असतो. बहुसंख्य ठिकाणी मूळ बॉयलर थंड ठेवून फक्त दाखवण्यासाठी जपणे हाच योग्य निर्णय ठरतो.

थंड ठेवायचा बॉयलर नुसता सोडून देऊ नये. भट्टी आणि धुराची वाट राखेपासून पूर्ण साफ करावी. आतले पाणी काढून, नळ्या गरम हवेने सुकवून, आत सिलिका जेलच्या किंवा कळीच्या चुन्याच्या थाळ्या ठेवून झाकणे बंद करावीत आणि दर तीन महिन्यांनी थाळ्या बदलाव्यात. चुना ओलावा शोषून फुगतो, त्यामुळे थाळी अर्धीच भरावी. धुराड्याकडचा डँपर, म्हणजे हवेची झडप, बंद ठेवावा, नाही तर पावसाळी हवा सरळ आत येते.

आठवी पायरी: चालते ठेवायचे असेल तर

इंजिन फिरताना दाखवण्याचे तीन मार्ग आहेत आणि त्यांचा खर्च व धोका चढत्या क्रमाचा आहे. पहिला मार्ग लहान विजेच्या मोटारीचा. ती गिअरबॉक्समधून फ्लायव्हीलला अत्यंत सावकाश फिरवते, पिस्टन, क्रॉसहेड आणि व्हॉल्व्हची चाल स्पष्ट दिसते आणि शाळेच्या मुलांसाठी हेच सर्वांत समजण्यासारखे असते. दुसरा मार्ग दाबलेल्या हवेचा. दोन-तीन किलो दाबावर रिकामे इंजिन सहसा फिरते, पण प्रसरण पावताना हवा थंड होते, तिच्यातला ओलावा सिलिंडरमध्ये साचतो आणि वाफेसोबत मिळणारे वंगणही येथे नसते. म्हणून लुब्रिकेटर चालू ठेवणे, ड्रेन कॉक उघडे ठेवून सुरुवात करणे आणि दिवसअखेर पुन्हा तेल देणे बंधनकारक आहे. तिसरा मार्ग खऱ्या वाफेचा. त्यासाठी वेगळा, नवा, लहान, प्रमाणित बॉयलर घ्यावा. सिलिंडर तापायला पुरेसा वेळ द्यावा आणि पाणी निघून जाईपर्यंत ड्रेन कॉक बंद करू नयेत, कारण पाणी दाबले जात नाही आणि सिलिंडरचे कव्हर एका ठोक्यात तडकते.

जगात या सगळ्याची उदाहरणे आहेत. बार्बाडोसच्या सेंट निकोलस ॲबी या जुन्या मळ्यावर एकोणिसाव्या शतकातली फ्लेचरची मिल आजही वाफेवर ऊस गाळते आणि तो रस तेथल्या रमसाठी वापरला जातो. यंत्राला खरे काम असले की त्याची देखभाल आपोआप होते. जावातल्या चोलोमादू कारखान्याची स्थापना १८६१ मध्ये झाली. २०१८ मध्ये तो नव्याने खुला झाला, तेव्हा विभागांना त्यांची जुनी नावे कायम ठेवली गेली आणि त्या प्रचंड यंत्रांच्या सोबतीने सभागृह, उपाहारगृह आले. तेथे उत्पन्नाचा प्रश्न सुटला, पण यंत्रे थोडी पार्श्वभूमीसारखी वाटतात, ही माझी तक्रार आहे. मॉरिशसमध्ये बो प्लाँचा कारखाना १९९९ मध्ये बंद पडला आणि २००२ मध्ये त्याच इमारतीत साखरेचे संग्रहालय सुरू झाले. यंत्रे जागेवरच आहेत आणि पाहणारा त्यांच्यामधून चालत जातो. आपल्याला त्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. एकोणिसाव्या शतकात करारावर त्या बेटावरील मळ्यांत गेलेल्या मजुरांत कोकणातले आणि घाटावरचे मराठी लोकही होते आणि त्यांचे वंशज तेथे आजही मराठी शिकतात.

नववी पायरी: दाखवणे आणि टिकवणे

माहितीफलक यंत्राच्या पाठीवर लावू नयेत. पाइपांना वाफेची दिशा दाखवणारे बाण आणि जमिनीवर उसाची व वाफेची अशा दोन रंगांच्या वाटा, एवढे केले तरी अर्धे स्पष्टीकरण होते. कारखान्याचीच भाषा फलकांवर ठेवावी. गव्हाणीला ‘ऊस पुरवठा यंत्रणा’ म्हणू नये. गळीत हंगामात, शक्य असल्यास, अंगणात चरकावरचे छोटे गुऱ्हाळ चालवावे. बैलाने फिरणाऱ्या चरकाशेजारी वाफेची मिल पाहिली की एका पिढीत काय बदलले ते लहान मुलालाही कळते, आणि रसाचे चार पैसे देखभालीला मिळतात.

देखभालीसाठी महिन्यातला एक ठरावीक दिवस आणि दोन ठरावीक माणसे नेमावीत. त्यांतला एक जुना कामगार आणि दुसरा आयटीआयचा तरुण असावा. छत आणि पन्हाळी पाहणे, कुलपातल्या वस्तू मोजणे, थाळ्यांतला चुना तपासणे, चकाकत्या भागांवर तेलाचा हात फिरवणे आणि बारिंगच्या दांड्याने फ्लायव्हील सव्वा फेरा पुढे नेणे, एवढे त्या दिवसाचे काम. पूर्ण एक फेरा नेला तर शाफ्ट पुन्हा त्याच जागी टेकतो आणि बेअरिंगच्या एकाच भागावर वर्षभर भार राहतो. म्हणून चाकाच्या कडेवर खडूने खूण करावी आणि नोंदवहीत तारीख, हवामान, तेल किती लागले यांच्यापुढे एक रकाना ठेवावा: खूण कोठे थांबली.